उलट दिशेची वाट आणि वसईची खाडी

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅक बे स्थानकाकडे पहिली उपनगरी गाडी धावली. सकाळी पावणेसात वाजता ती विरारहून निघे आणि सायंकाळी साडेपाच वाजता परतीच्या वाटेला लागे. दिवसाकाठी गाडी एकच, पण तिच्या वेळापत्रकाने पुढील दीडशे वर्षांचा दंडक घालून दिला. सकाळी मुंबईकडे जावयाचे, सायंकाळी मुंबईहून परतावयाचे. १९३६ मध्ये विरारपर्यंत विजेची गाडी आली, डबे वाढले, फेऱ्या वाढल्या. दिशा मात्र तीच राहिली. वसई-विरारचा माणूस म्हणजे पहाटे डबा घेऊन मुंबईकडे निघणारा माणूस, अशी एक पक्की समजूत शासनाची, रेल्वेची आणि वृत्तपत्रांचीही होऊन बसली. वसईच्या भाजीच्या पाट्या आणि सोनचाफ्याच्या करंड्यादेखील पहाटे त्याच दिशेने दादरला जात आल्या.

परंतु त्याच सकाळी दादरच्या फलाटावर विरुद्ध बाजूला तोंड करून उभी असलेली काही माणसे असतात. त्यांना विरारकडे जावयाचे असते. त्यांच्यात वसईच्या एखाद्या महाविद्यालयातील प्राध्यापिका असतात, वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांत काम करणारे पर्यवेक्षक आणि हिशेबनीस असतात, इस्पितळातील तंत्रज्ञ असतात, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून जिल्हा कार्यालयाकडे जाणारे कर्मचारीही असतात. ही संख्या मुंबईकडे येणाऱ्या लोंढ्यापुढे लहान आहे. मात्र ती नगण्य उरलेली नाही, आणि अलीकडे तिच्यातील एक वर्ग रेल्वे सोडून मोटारीकडे वळू लागला आहे. मुंबईत घर आणि वसईत नोकरी असलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबात हल्ली जो बेत आखला जातो तो साधारण असा असतो: सारे जग सकाळी मुंबईत येते, आपण मुंबईबाहेर जाऊ, रस्ता मोकळा मिळेल, तासाभरात पोहोचू.

हा बेत वरकरणी बिनतोड वाटतो. तो फसतो कोठे, हे पाहण्याजोगे आहे. कारण त्यात एका मोटारमालकाच्या गैरसोयीपेक्षा बरेच अधिक काही गुंतलेले आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, रेल्वेला दिशा असते, तशी रस्त्याला असतेच असे नाही. सकाळी विरारकडे जाणारी गाडी बोरिवलीपुढे बऱ्यापैकी मोकळी होते, कारण मुंबईत माणसे आणून सोडल्यावर तिला परत जाणे भागच असते. (अपवाद शेवटच्या दोन-तीन स्थानकांचा. मुंबईकडे जाताना बसावयास जागा मिळावी म्हणून वसई आणि नालासोपाऱ्याचे प्रवासी आधी उलट विरारला जातात व तीच गाडी धरून परततात. त्यामुळे ज्याला खरोखरच विरारला उतरावयाचे असते, त्याला आत घुसणाऱ्या गर्दीतून बाहेर पडण्याचे दिव्य करावे लागते.) पश्चिम द्रुतगती महामार्गाचे तसे नाही. माहीमपासून दहिसरपर्यंतच्या या सुमारे पंचवीस किलोमीटरच्या पट्ट्यात वांद्रे-कुर्ला संकुल, विमानतळ, अंधेरी, गोरेगाव अशी रोजगाराची केंद्रे ओळीने बसलेली आहेत. सकाळी तेथे दक्षिणेकडून माणसे जातात तशी उत्तरेकडूनही येतात. मुंबईचा केंद्रबिंदू चर्चगेटहून केव्हाच हलला. ही गोष्ट रेल्वेच्या गर्दीत चटकन जाणवत नाही, महामार्गावर मात्र ती चाकाखाली येते.

किनारी रस्ता २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला, तो वांद्रे-वरळी सागरी सेतूला जोडला गेला, आणि नरिमन पॉइंटचा माणूस आता थोडक्या मिनिटांत वांद्र्याला येतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांची पथकरातून सुटका झाली. त्यात दहिसरचा नाकाही आला. या दोन्ही गोष्टींनी मोटारीच्या बेताला उत्तेजन मिळाले, यात संशय नाही. पण प्रवासाच्या पहिल्या दहा किलोमीटरांत वाचलेला वेळ शेवटच्या वीस किलोमीटरांत खर्ची पडतो. दहिसर ओलांडले की मोटारवाल्याच्या मनातली मुंबई संपते आणि राष्ट्रीय महामार्ग सुरू होतो. हा रस्ता वसईच्या नोकरदारासाठी बांधलेला नाही. तो मुंबई आणि गुजरात यांना जोडणारा, देशाच्या व्यापाराचा रस्ता आहे. न्हावाशेव्याच्या बंदरातून ठाण्यामार्गे येणारे कंटेनर घोडबंदर रस्त्याने येऊन याच महामार्गाला मिळतात. मुंबईत गर्दीच्या वेळी अवजड वाहनांवर निर्बंध असतात, त्या वेळी ही वाहने शहराच्या वेशीबाहेर रस्त्याच्या कडेला तळ ठोकून बसतात. अशा रस्त्यावर ‘गर्दीच्या उलट दिशेने’ या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही. मालमोटारीला कचेरीची वेळ नसते.

आणि मग खाडी येते.

उल्हास नदी समुद्राला मिळते तेथे वसईची खाडी पसरलेली आहे. एके काळी तिने वसईचे संरक्षण केले. चिमाजी अप्पांच्या सैन्याने १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला, त्या मोहिमेची कथा या पाण्याचा आणि दलदलीचा विचार केल्यावाचून नीट समजतच नाही. आज त्या खाडीचा उपयोग कोणाला अडविण्यासाठी नाही, तरी ती अडविते. रेल्वेने ती केव्हाच जिंकली. भाईंदर सोडले की गाडी पुलावर चढते, मध्ये पाणजू बेटाला स्पर्श करते, पुन्हा पुलावर येते आणि नायगावला पोहोचते. हे अंतर पाच किलोमीटरही नाही. रस्त्याला मात्र ही सरळ वाट नाही. भाईंदर आणि नायगाव यांना जोडणाऱ्या रस्त्याच्या पुलाची योजना कागदावर इतकी वर्षे आहे की, तिच्या घोषणा ऐकत एक पिढी शाळेतून निवृत्तिवेतनापर्यंत पोहोचली. तोवर भाईंदरहून वसईला जाणाऱ्या मोटारीने काशिमिऱ्याला यावे, घोडबंदरचा डोंगर वळसा घालून पार करावा, वरसाव्याच्या पुलावरून खाडी ओलांडावी आणि पुन्हा पश्चिमेकडे वळावे. हा फेरा सुमारे अडतीस किलोमीटरांचा होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसईचा किल्ला आणि भाईंदर यांच्यामध्ये मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली. हीच दोन गावे तेव्हा पाण्यावरून जेमतेम चार किलोमीटरांवर असल्याचे सर्वांना नव्याने कळले. बोटीचे स्वागतच केले पाहिजे. पण ती खाडीच्या पश्चिम अंगाला आहे. किल्ल्याजवळच्या वसईगावात ज्याचे काम आहे त्याला ती उपयोगी. ज्याचा गाळा महामार्गालगत वालीवला आहे त्याला बोटीने उतरून सारे शहर पूर्वेकडे ओलांडावे लागते, आणि वसई-विरारमध्ये रेल्वेमार्ग ओलांडणारे पूल मोजकेच आहेत. त्याने महामार्गाचाच रस्ता धरलेला बरा.

म्हणजे मुंबईहून वसईला मोटारीने जाणाऱ्या प्रत्येकाचे भवितव्य वरसावे येथील पुलांवर अवलंबून. (हे वरसावे घोडबंदरजवळचे, अंधेरीच्या समुद्रकाठच्या वर्सोव्याशी त्याची गल्लत इंग्रजी फलक नेहमीच करतात.) या पुलांवर विसंबणे किती धोक्याचे आहे याचा अनुभव २०१६ मध्ये आला. जुन्या पुलाच्या तुळईत दोष आढळला, तो वाहतुकीला बंद करून दुरुस्तीस घ्यावा लागला, आणि काही महिने महामार्गाचा सारा भार शेजारच्या एकाच पुलावर पडला. नवा चौपदरी पूल २०२३ मध्ये खुला झाला, तेव्हा आता प्रश्न मिटला असे म्हटले गेले. पुढल्याच वर्षी घोडबंदरपासून अच्छाडपर्यंतच्या १२१ किलोमीटरांवर डांबराच्या जागी काँक्रीटचा थर देण्याचे काम निघाले, मार्गिका बंद झाल्या, आणि पुलावरून सुटलेली मोटार ससूनवघरपाशी अडकू लागली. काम आवश्यक होते हे कोणीही नाकारणार नाही. प्रश्न इतकाच की, पर्यायी वाट नसलेल्या रस्त्यावर आवश्यक कामसुद्धा शिक्षेसारखे भोगावे लागते.

तेव्हा असा प्रवास आखणाऱ्याने सरासरी वेळेचा हिशेब करण्यात अर्थ नाही. दादरहून वसई फाट्यापर्यंतचे पन्नासएक किलोमीटर एखाद्या रविवारी पहाटे तासाभरात कापून होतात, आणि तेवढ्यावर विसंबून पुष्कळ जण नोकरी स्वीकारतात वा मोटारीचे कर्ज काढतात. खरा हिशेब सर्वांत वाईट दिवसाचा हवा. ज्या शिक्षिकेला साडेसातला मस्टरवर सही करावयाची आहे, तिला दहापैकी आठ दिवस तासाभरात पोहोचणारा रस्ता चालत नाही. उरलेल्या दोन दिवसांसाठी तिला दहाही दिवस अर्धा-पाऊण तास आधी निघावे लागते. अनिश्चितता हा या प्रवासाचा मोठा खर्च आहे, आणि तो कोणत्याही पावतीवर छापला जात नाही. पेट्रोलचा खर्च तरी छापलेला असतो. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर धरले, गाडी लिटरला पंधरा किलोमीटर जाते असे मानले आणि पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या घरात आहे हे लक्षात घेतले, तर दिवसाला साडेसहाशे-सातशे रुपये होतात; पंचवीस दिवसांचे सोळा-सतरा हजार. त्यात टायर, दुरुस्ती, विमा आणि कर्जाचा हप्ता धरलेला नाही. दुसऱ्या वर्गाचा रेल्वेचा मासिक पास काही शेकड्यांत मिळतो आणि दादरहून जलद गाडी साधारण तासाभरात वसईला पोहोचविते. लिपिकाच्या पगारातून मोटारीचा हा बेत पेलणार नाही हे उघड आहे. चौघांनी मिळून एक मोटार केली तरच तो हिशेबात बसतो, आणि वालीवच्या गाळ्यांत काम करणारे कितीतरी जण तसे करतातही. पण त्यासाठी चौघांची सुट्टी एका वेळी व्हावी लागते.

मग सुज्ञ माणसे मोटारीकडे वळतात तरी का? हौस आणि प्रतिष्ठा ही कारणे सांगितली जातात. ती अगदीच खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. खरे कारण वसईच्या नकाशात सापडते. स्थानके पश्चिमेला, रेल्वेच्या रेषेवर. कारखाने पूर्वेला, महामार्गाच्या रेषेवर: सातिवली, गोखिवरे, वालीव, पेल्हार. मुंबईतील जागा महाग झाल्या, तेव्हा लहान उद्योगांनी या पट्ट्यात खाजगी औद्योगिक वसाहतींतून गाळे घेतले. मालाची ने-आण मालमोटारीने होते, म्हणून गाळा महामार्गाजवळ असणे मालकाच्या सोयीचे. कामगार मात्र रेल्वेने येतो. या दोन रेषांमधले जे काही किलोमीटर आहेत, ते भागीतील रिक्षाने, खड्ड्यांतून आणि पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून पार करावे लागतात. महापालिकेची बससेवा आहे. पण ती मुख्यतः सकाळी वसाहतीतून स्थानकाकडे आणि सायंकाळी स्थानकातून घराकडे जाणाऱ्यांच्या सोयीची. सकाळी आठला स्थानकाबाहेर उतरून कारखान्याकडे निघालेला माणूस तिच्या हिशेबात पुरता आलेला दिसत नाही. दादर ते वसई हे एक्केचाळीस किलोमीटर तासाभरात काटणाऱ्या माणसाला उरलेल्या पाच-सहा किलोमीटरांसाठी अर्धा तास मोजावा लागतो, आणि या अर्ध्या तासाला कंटाळून तो पन्नास किलोमीटर मोटार हाकण्याचा विचार करू लागतो. पाच किलोमीटरांची उणीव पन्नास किलोमीटरांचा रस्ता व्यापते, असा हा उफराटा न्याय आहे.

काही अनुभवी प्रवाशांनी यावर स्वतःपुरता तोडगा काढलेला आहे. जुनी स्कूटर घ्यावयाची आणि ती मुंबईत न ठेवता वसईलाच स्थानकाजवळच्या वाहनतळावर ठेवावयाची. इतरांची वाहने तेथे दिवसा उभी असतात, यांची रात्री. सकाळी वसईकरांच्या स्कूटरी आत येत असतात तेव्हा यांची बाहेर पडते. एकाच जागेचे दोनदा भाडे वाहनतळवाल्याला मिळते. मोटार नेलीच पाहिजे असा हट्ट असेल तर ती बोरिवलीपर्यंत न्यावी आणि पुढे रेल्वे धरावी, असाही एक मार्ग आहे. पण बोरिवलीला मोटार उभी करावयास जागा मिळणे ही निराळी तपश्चर्या आहे. २०२३ पासून पूर्ण धावू लागलेली अंधेरी-दहिसर मेट्रो दहिसरला थांबते. तिला खाडी अजून दिसलेली नाही.

उलट दिशेच्या प्रवासाचा प्रश्न जगाला नवा नाही. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने आणि कचेऱ्या उपनगरांत गेल्या, गरीब वस्त्या शहराच्या मध्यभागी राहिल्या. १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगली झाल्या, तेव्हा मॅकोन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने बेकारीच्या कारणांमध्ये अपुऱ्या सार्वजनिक वाहतुकीचाही निर्देश केला. काम होते, पण मोटार नसलेल्याला तेथवर जाता येत नव्हते. पुढे सॅनफ्रान्सिस्कोत राहून सिलिकॉन व्हॅलीत कामाला जाणाऱ्या सुखवस्तू तंत्रज्ञांसाठी गूगलसारख्या कंपन्यांनी स्वतःच्या बसगाड्या चालविल्या. श्रीमंतांची सोय कंपन्यांनी केली, गरिबांची सोय सरकारने करावी की नाही यावर वाद होत राहिले. त्या देशाची अडचण अशी होती की तेथे उलट दिशेला जाणारी गाडी मुळात नव्हती, ती नव्याने चालवावी लागे. वसईचे नशीब त्या मानाने थोर. येथे गाडी आहे, तिचा खर्च आधीच झालेला आहे, आणि तीत बसावयास जागाही आहे.

हाच मुद्दा मुंबईच्या नियोजनाच्या इतिहासात एकदा स्पष्टपणे मांडला गेला होता. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना पुढे ठेवली. दक्षिणेच्या टोकाला कामे आणि उत्तरेकडे घरे असे लांबत जाणारे शहर एकाच दिशेच्या गर्दीने गुदमरणार, हे त्यांच्या विवेचनाचे सार होते. त्यातून १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई उभी राहिली. याच सिडकोकडे १९९० मध्ये वसई-विरार परिसराचे नियोजन सोपविण्यात आले. परंतु नवी मुंबईत कामे नेण्याचा जो प्रयत्न झाला, त्याचा अंशही वसईच्या वाट्याला आला नाही. येथे घरे झाली, अफाट झाली. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाख २२ हजार भरली. चार नगरपालिका आणि अनेक ग्रामपंचायती एकत्र करून २००९ मध्ये ही महापालिका झाली खरी, पण शहर झाले ते निजावयाचे. गाळे आले ते नियोजनाने नव्हे, जागा स्वस्त म्हणून.

म्हणून मुंबईहून वसईला कामाला जाणारा प्रत्येक जण हा नियोजनात राहून गेलेल्या एका गोष्टीचा पुरावा आहे. एखादी नोकरी चर्चगेटला निर्माण झाली तर तिच्यासाठी विरारच्या गाडीच्या दारात आणखी एक माणूस लटकतो. तीच नोकरी वसईला निर्माण झाली, तर ती वसईकराला मिळाल्यास दारातला एक माणूस कमी होतो आणि मुंबईकराला मिळाल्यास मोकळ्या जागेवर एक माणूस बसतो. दोन्हीकडून लाभच. नव्या रुळांवर आणि नव्या डब्यांवर होणाऱ्या खर्चाची चर्चा वर्षानुवर्षे चालते; आहे त्या गाड्यांच्या रिकाम्या परतीच्या फेऱ्यांची चर्चा क्वचितच कानी येते. ती करावयाची तर उपनगरांत कार्यालये, न्यायालये, महाविद्यालये, इस्पितळे नेण्याचा विचार करावा लागेल, आणि स्थानकापासून तेथवर माणसे कशी पोहोचतील हेही पाहावे लागेल.

रस्ता रुंद झाला की हे सारे आपोआप सुटेल, असे मानणारा एक पक्ष आहे. उत्तन-विरार सागरी पुलाच्या योजनेकडे तो डोळे लावून बसलेला असतो. तो पूल झाला तर नरिमन पॉइंटहून विरारला जाणाऱ्या मोटारवाल्याची सोय होईल, हे मान्य. पण त्याच मोकळ्या रस्त्याने विरारची मोटारही सकाळी मुंबईकडे येईल. शिवाय रस्त्याने पावसावर मात करता येत नाही. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढले आणि रेल्वे ठप्प झाली, तेव्हा वसई-विरारचे रस्तेही पाण्यातच होते. मिठागरे आणि पाणथळी भरून बांधलेल्या शहरात पाणी रूळ आणि डांबर असा भेद करीत नाही.

त्या मानाने भाईंदर-नायगावचा रखडलेला पूल हे साधे, जवळचे आणि कमी गाजावाजाचे काम आहे. तो झाला तर मिरा-भाईंदरच्या बसगाड्या थेट नायगाव-वसईला जाऊ शकतील, वरसाव्याला एक पर्याय मिळेल, आणि महामार्गावर काम निघाले की संपूर्ण तालुका कोंडीत सापडणार नाही. त्याहूनही लवकर होण्याजोगी गोष्ट म्हणजे सकाळी सात ते साडेनऊ या वेळात वसई आणि नालासोपारा स्थानकांच्या पूर्व बाजूहून गोखिवरे, सातिवली, वालीव आणि पेल्हारपर्यंत, आलेल्या गाडीशी वेळ जुळवून सुटणाऱ्या बस. त्यासाठी खाडीत एकही खांब रोवावा लागत नाही. गाळेवाल्यांनी आपल्या पाळ्यांच्या वेळा महापालिकेच्या परिवहन विभागाला लिहून द्यावयाच्या, आणि त्या विभागाने रेल्वेचे वेळापत्रक एकदा उलट बाजूने वाचावयाचे.